अमेरिकेची पश्चिम कशी मोजली गेली



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भिंतीवर नकाशा टांगल्याशिवाय इतिहासाचा तास सुरू करत नसत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले. आजचा विषयही त्याच रीतीने मांडतो. उत्तर अमेरिकेचा नकाशा नजरेसमोर आणा. १७८३ साली पॅरिसच्या तहाने ब्रिटनने तेरा वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य केले, तेव्हा या नव्या देशाची पश्चिम हद्द मिसिसिपी नदी होती आणि त्याचे बहुतेक नागरिक अटलांटिकच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात राहत होते. १८५३ साली हाच देश पॅसिफिकला भिडलेला दिसतो. अलास्का आणि हवाई सोडले तर त्याच्या आजच्या सीमा तेव्हाच पक्क्या झालेल्या आहेत. मध्ये सत्तर वर्षे गेली. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात एक देश एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत पोचला.

हे कसे घडले, याची काही उत्तरे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. युरोपातून माणसे येत होती. पूर्वेकडच्या जमिनीचा कस तंबाखूने खाल्ला होता. पुढे सोने सापडले, रेल्वे आली. शिवाय हा खंड देवाने आपल्यालाच नेमून दिला आहे, अशी श्रद्धा होती. ही कारणे खरी आहेत; पण लोकांना पश्चिमेला का जावेसे वाटले, एवढेच ती सांगतात. जावेसे वाटणे वेगळे आणि तिथे आपल्या नावावर जमीन मिळणे वेगळे. त्या जमिनीवर आधीच माणसे राहत होती. त्यांची मक्याची शेते होती, गावे होती, आपसांतले तह आणि वैरे होती. मग ती जमीन मोकळी कोणी केली? मोजली कोणी? ती विकत घ्यायला पैसे कोणी पुरवले? विस्ताराचे खरे कारण या प्रश्नांच्या उत्तरांत आहे असे मी मानतो, आणि आज त्याबद्दलच बोलणार आहे. कापडी छताच्या गाडीतून निघालेले शेतकरी कुटुंब आपल्या डोळ्यांपुढे पटकन येते. त्या कुटुंबाच्या मागे एक सरकार, एक फौज आणि एक सावकारी पेढी उभी होती, हे चित्रात दिसत नाही.

सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीपासून करावी लागते. फ्रान्सशी झालेले मोठे युद्ध जिंकल्यावर १७६३ मध्ये ब्रिटिश राजाने जाहीरनामा काढला, की वसाहतींतल्या लोकांनी ॲपलेशियन पर्वतरांगेपलीकडे वस्ती करू नये. यात दयाबुद्धी फारशी नव्हती. पलीकडच्या जमातींशी सतत लढत राहणे खजिन्याला परवडणारे नव्हते. पण व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदारांनी त्या पलीकडच्या जमिनींवर आधीच डोळा ठेवला होता. जॉर्ज वॉशिंग्टन तरुणपणी मोजणीदार होते. बंदी असतानाही त्या बाजूच्या उत्तम जमिनी हेरून ठेवायला त्यांनी आपला माणूस पाठवला होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत बोस्टनचा चहा सगळ्यांना आठवतो, पर्वतावर ओढलेली ही रेषा कोणाला आठवत नाही. मला ती चहाइतकीच मोलाची वाटते.

युद्ध संपले तेव्हा नव्या देशाच्या डोक्यावर कर्ज होते, आणि मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. सैनिकांचे पगार थकले होते. हाताशी एकच मालमत्ता होती, ती म्हणजे पर्वतापलीकडची जमीन. १७८५ चा जमीन वटहुकूम या निकडीतून निघाला. सगळा प्रदेश सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत कापायचा. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा. त्यातला सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळेसाठी राखीव. बाकीचे लिलावात, एकरी किमान एक डॉलरने. नदी कुठून वाहते, डोंगर कुठे आहे, कोणाचे गाव कुठे आहे, याचा या आखणीशी संबंध नव्हता. सप्टेंबर १७८५ मध्ये टॉमस हचिन्स या अधिकाऱ्याने ओहायो नदीच्या काठी, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर पहिली खूण रोवली. थोडेच मैल मोजून होतात न होतात तोच मूळ रहिवाशांच्या हल्ल्याच्या भीतीने त्यांना काम थांबवून परतावे लागले. जमीन कोणाची हा प्रश्न सुटायच्या आधीच तिची मोजणी सुरू झाली होती, हे या प्रसंगातून लख्ख दिसते.

मोजणी व्हायची ती गंटरच्या साखळीने. सहासष्ट फूट लांब, शंभर कड्यांची. ऐंशी साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. इथे आपला एक सरळ धागा जुळतो. इंग्रजी मोजणीची हीच मापे मुंबई इलाख्यातही आली. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जमीनपाहणीची नवी पद्धत बसवली. इलाख्याच्या मोजणीत वापरात असलेली साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. तेहतीस फूट औरसचौरस जागेचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आपल्या खेड्यातल्या प्रत्येक माणसाला पाठ असते. माप एकच, पण हेतू किती वेगळा! इथे जो माणूस आधीच शेत कसत होता त्याच्याकडून सारा वसूल करण्यासाठी त्याचे शेत मोजले गेले. त्या मोजणीने रयतेला नाडले असेल, पण जमिनीवर रयत आहे हे तिने धरूनच ठेवले होते. ओहायोत मोजणी झाली ती तिथे नसलेल्या माणसाला जमीन विकण्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये बसलेला माणूस कधीही न पाहिलेला तुकडा केवळ क्रमांकावरून विकत घेऊ शकत होता, गहाण टाकू शकत होता, नफ्याने पुढे विकू शकत होता. जमीन इतकी सुटसुटीत, इतकी हातोहात फिरणारी वस्तू यापूर्वी क्वचितच झाली असेल.

१७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याला मात्र त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. नव्या प्रदेशात साठ हजार मुक्त रहिवासी झाले की त्याला जुन्या राज्यांच्या बरोबरीचे राज्य म्हणून संघात घेता येईल, असे त्यात ठरले. पश्चिमेला गेलेला माणूस वसाहतीतला दुय्यम नागरिक राहणार नव्हता. साम्राज्ये अशी वागत नसत. ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीही याच कायद्याने बंद केली. मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही, असेही त्यात लिहिले होते. तरीही फौजा पाठवल्या गेल्या. १७९१ च्या नोव्हेंबरात मायामी जमातीचा लिटल टर्टल आणि शॉनी जमातीचा ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखाली जमातींच्या आघाडीने अमेरिकी सेनापती सेंट क्लेअर यांची फौज कापून काढली. सहाशेहून अधिक सैनिक मेले. मूळ रहिवाशांकडून अमेरिकी फौजेचा एवढा मोठा पराभव पुन्हा कधी झाला नाही. पण १७९४ मध्ये दुसरी, नीट शिकवलेली फौज आली, आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने ओहायोचा मोठा भाग सुटला. कायद्यातल्या संमतीचा अर्थ प्रत्यक्षात असा ठरला, की आधी लढाई व्हायची आणि मग सही.

आता १८०३. लुइझियाना खरेदीची गोष्ट सांगताना अध्यक्ष जेफरसन यांची दूरदृष्टी आणि नेपोलियनची लहर यांचा उल्लेख होतो. खरे कारण कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर घडले. आज ज्याला आपण हैती म्हणतो ती फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती, साखर आणि कॉफी पिकवणारी, आणि तिथल्या गुलामांनी १७९१ पासून बंड पुकारले होते. नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस आपला मेहुणा लक्लेर्क याला मोठी फौज देऊन तिकडे पाठवले. तूसाँ लूव्हर्त्यूर कपटाने पकडला गेला, पण बंड संपले नाही. लढाई आणि पीतज्वर यांत फ्रेंच फौज गारद झाली, लक्लेर्कही गेला. हैती हातचा गेल्यावर त्याला धान्य पुरवणारा मिसिसिपीचा प्रदेश ठेवून नेपोलियनला काय करायचे होते? ब्रिटनशी युद्ध तोंडावर होते आणि पैसा हवा होता. अमेरिकी वकील न्यू ऑर्लिन्स बंदर मागायला गेले होते; समोरून सगळा प्रदेशच देऊ केला गेला. ३० एप्रिल १८०३ चा करार, दीड कोटी डॉलर, सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल. आजच्या सात महाराष्ट्रांएवढा मुलूख. स्वतःच्या मुक्तीसाठी मेलेल्या काळ्या माणसांच्या लढ्याने अमेरिकेचा आकार दुप्पट केला, आणि त्या नव्या जमिनीच्या दक्षिण भागावर पुढे काळ्या गुलामांकरवीच कापूस आणि ऊस पिकवला गेला. इतिहासातली ही गोष्ट मला कधीच शांतपणे वाचता आलेली नाही.

या खरेदीत दोन बाबी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पैसे उभे केले लंडनच्या बेअरिंग पेढीने आणि ॲमस्टरडॅमच्या होप पेढीने, अमेरिकेचे रोखे विकून. ब्रिटन फ्रान्सशी लढत असताना फ्रान्सच्या खजिन्यात जाणारा पैसा लंडनच्या बाजारातून उभा राहिला. दुसरी बाब अधिक मूलभूत. फ्रान्सने विकले काय? त्या प्रदेशातल्या बहुतेक भागावर फ्रेंचांचा ताबा कधी नव्हताच. तिथे ओसेज होते, मँडन होते, लाकोटा होते. अमेरिकेने विकत घेतला तो इतर युरोपीय सत्तांना बाजूला सारून या लोकांशी व्यवहार करण्याचा एकाधिकार. प्रत्यक्ष जमीन पुढची सात-आठ दशके तहांनी, धमक्यांनी आणि लढायांनी तुकड्यातुकड्याने घ्यावी लागली. जेफरसन यांनी पाठवलेले लुइस आणि क्लार्क १८०४ ते १८०६ या काळात मिसुरी नदीने वर जाऊन पॅसिफिकपर्यंत पोचले आणि परतले, ते वाटेतल्या जमातींकडून धान्य, घोडे आणि वाट विचारत. शोशोनी मुलगी सकागाविया पाठीवर तान्हे मूल बांधून त्यांच्याबरोबर चालत होती. त्यांनी लोकवस्तीचाच प्रदेश पाहिला.

आता दक्षिणेकडे वळू, कारण माझ्या मते विस्ताराचा सर्वांत मोठा जोर तिथून आला. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले. आखूड धाग्याचा कापूस त्यामुळे फायद्याचा झाला आणि हा कापूस जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीच्या आतल्या भागांत उत्तम येत होता. लँकेशायरच्या गिरण्यांची भूक अफाट होती. काही दशकांत अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधून सुमारे दहा लाख गुलाम स्त्री-पुरुष-मुले या नव्या कापूसपट्ट्याकडे विकली किंवा हलवली गेली. विस्ताराच्या गोष्टीतले हेही स्थलांतर आहे. बैलगाड्यांच्या मानाने याची चित्रे कमी काढली गेली. हे लोक बऱ्याचदा साखळदंडात, पायी चालत गेले. लुइझियानातल्या मळेवाल्यांनी बँक काढली, जमीन आणि गुलाम दोन्ही तारण ठेवले, त्यावर रोखे काढले, आणि ते रोखे युरोपात विकायला पुन्हा बेअरिंग पेढीच पुढे आली. न्यूयॉर्कच्या भांडवलदारांनीही मिसिसिपी-अलाबामाच्या जमिनींत पैसा घातला. उत्तर आणि दक्षिण गुलामगिरीवरून भांडत होते हे खरे, पण या व्यवहारात दोघांचे हात होते.

त्या जमिनीवर चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल राहत होते. चेरोकींबद्दल थोडे सविस्तर सांगतो. तुम्ही सुधारा, शेती करा, लिहायला शिका, म्हणजे आमच्यात सामावाल, असे सरकारने त्यांना सांगितले होते. त्यांनी ते केले. सिकोया नावाच्या माणसाने, ज्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते, १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी अक्षरमाला एकट्याने तयार केली, आणि थोड्याच वर्षांत ती घराघरांत गेली. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली. १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे दोन भाषांतले वर्तमानपत्र निघाले. त्यांच्यातल्या श्रीमंतांकडे मळे होते, आणि हेही सांगितले पाहिजे, की त्या मळ्यांवर काळे गुलामही होते. मग त्याच सुमारास जॉर्जियातल्या त्यांच्या मुलखात सोने सापडले.

१८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या आग्रहाने पूर्वेकडच्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात अगदी थोड्या मतांनी मंजूर झाला. जॉर्जियाने चेरोकींची जमीन सोडत काढून गोऱ्यांना वाटली, शेतीचे तुकडे १६० एकरांचे आणि सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. चेरोकी फौज घेऊन उठले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. ते जिंकले. पण जॉर्जियाने निकाल मानला नाही, आणि अध्यक्षांनी तो अमलात आणण्यासाठी काही केले नाही. डिसेंबर १८३५ मध्ये न्यू इकोटा येथे एका छोट्या गटाने जमीन सोडण्याच्या तहावर सह्या केल्या. चेरोकींचे निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा विरोधी अर्ज वॉशिंग्टनला नेला. सेनेटने तह मंजूर केला; लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा फक्त एक मत जास्त पडले.

मे १८३८ मध्ये सैनिकांनी घरांतून माणसे काढली. उन्हाळाभर त्यांना कुंपण घातलेल्या छावण्यांत ठेवले, तिथेच रोगांनी अनेक मेले. हिवाळ्यात मिसिसिपीत बर्फ वाहत असताना काठावर तळ ठोकून वाट पाहावी लागली. सुमारे सोळा हजार माणसांपैकी चार हजारांच्या आसपास या हकालपट्टीत दगावली. चेरोकींच्या मक्याच्या शेतांवर आणि फळबागांवर सोडतीत नंबर लागलेले लोक येऊन बसले. हा प्रसंग मी मुद्दाम लांबवला. जंगली, फिरस्त्या लोकांपुढे शेतकरी संस्कृती सरसावली, अशी विस्ताराची जी समर्थने आजही ऐकू येतात, ती इथे टिकत नाहीत. चेरोकी शेतकरी होते, साक्षर होते, कायदा मानणारे होते, खटला जिंकलेले होते. त्यांची जमीन हवी होती, एवढेच कारण.

याच काळात सरकारी जमिनींची विक्री उच्चांकाला पोचली. १८३६ या एका वर्षात सुमारे दोन कोटी एकर विकले गेले. त्याआधीच, १८३५ च्या जानेवारीत, अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज पूर्णपणे फिटले होते. असे त्या देशाच्या इतिहासात पुन्हा घडले नाही. ज्या कर्जापायी १७८५ मध्ये साखळी टाकली गेली त्याचा हिशेब असा पुरा झाला. मग उधारीच्या बाजाराचा फुगा फुटला आणि १८३७ ची मंदी आली. देणेकरी झालेले कित्येक शेतकरी पुन्हा पश्चिमेकडे सरकले. मंदी हे स्थलांतराचे मोठे कारण होते. पूर्वेत दिवाळे निघाले की टेक्सासची वाट धरायची, ही रीतच झाली. आधी घुसून झोपडी बांधायची आणि मग मोजणीची वाट पाहायची, हेही सर्रास चाले. १८४१ मध्ये काँग्रेसने अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा कायदाच केला, १६० एकरांपर्यंत, एकरी सव्वा डॉलरने, लिलावाशिवाय.

टेक्सासची कथा थोडक्यात सांगता येते. मेक्सिकोने स्वतःहून अमेरिकी वसाहतकऱ्यांना बोलावले. ते गुलाम घेऊन आले. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली. केंद्राची पकड आणि गुलामांचा प्रश्न या दोन्हींवरून तंटा वाढत गेला आणि १८३६ मध्ये टेक्सास फुटून निघाला. १८४५ मध्ये तो अमेरिकेत आला. न्यूयॉर्कचे संपादक जॉन ओसलिव्हन यांनी त्या वर्षी आपल्या मासिकात लिहिले, की सारा खंड व्यापणे ही अमेरिकेची उघड नियती आहे. ही घोषणा इतकी गाजली, की विस्ताराचे कारण म्हणून ती आजही परीक्षेत लिहितात. साल पाहा: १८४५. मोजणीला साठ वर्षे झाली होती, लुइझियानाला बेचाळीस, चेरोकींच्या हकालपट्टीला सात. नियतीची भाषा काम बरेचसे झाल्यावर आली. तिने पुढच्या युद्धाला लोकांची मने तयार केली, हे खरे. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध झाले आणि २ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह सव्वापाच लाख चौरस मैल मिळाले. त्याच्या नऊच दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात सटरच्या लाकूडगिरणीवर जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले होते. तहावर सही करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची संख्या तेव्हा दीड लाखाच्या आसपास होती. १८७० पर्यंत ती तीस हजारांवर आली. यात रोगराई होती, उपासमार होती, आणि राज्याने पैसे देऊन पाठवलेल्या टोळ्यांनी केलेल्या कत्तली होत्या.

मेक्सिकोकडून आलेल्या जमिनीत गुलामगिरी चालेल की नाही, या वादाने देश फुटला. १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल, १८६० ची लिंकन यांची निवडणूक, हे सगळे पश्चिमेच्या जमिनीवरूनच. त्यातून पेटलेल्या यादवी युद्धाचे धक्के आपल्यालाही बसले. दक्षिणेची बंदरे अडवली गेली, लँकेशायरला कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. खानदेश-वऱ्हाडात कापसाखालचे रान वाढले, मुंबईत शेअरांचा बाजार तापला, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर पोचले, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सगळे कोसळले. तेजीत वाढलेले कर्ज आणि सारा मात्र शेतकऱ्याच्या अंगावर राहिला. दहा वर्षांनी सुपे येथून उठलेल्या दख्खनच्या दंग्यांकडे पाहताना हा दुवा विसरता येत नाही. आणि याच युद्धातून झालेल्या गुलाममुक्तीला वंदन करत जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले.

दक्षिणेचे सदस्य काँग्रेसमधून निघून गेल्यामुळे १८६२ मध्ये उत्तरेला हवे ते कायदे करता आले. मे महिन्यात होमस्टेड कायदा: कुटुंबप्रमुखाला १६० एकर, पाच वर्षे राहून कसायची अट, आणि सगळी मिळून अठरा डॉलर फी. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही, अविवाहित स्त्रीला किंवा विधवेलाही जमीन मिळू शकत होती. त्या काळच्या जगात गरिबाला एवढी जमीन दुसरे कोणते सरकार देत होते? नॉर्वे, स्वीडन, जर्मनीतल्या भूमिहीनांना या कायद्याने माणसासारखे जगता आले. कॅन्ससमध्ये गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी निकोडेमस नावाचे गाव वसवले. या लोकांच्या कष्टांचा मान राखूनच मी बोलतो आहे. एकूण सुमारे सोळा लाख जणांना सत्तावीस कोटी एकर या कायद्याने मिळाले.

पण जुलै १८६२ चा पॅसिफिक रेल्वेचा कायदा त्याच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या प्रत्येक मैलामागे आधी दहा आणि दोन वर्षांनी वीस चौरस मैल जमीन फुकट मिळाली. सगळ्या कंपन्या मिळून केंद्र सरकारने सुमारे तेरा कोटी एकर दिले. रुळांजवळची चांगली जमीन कंपनीची. फुकटची जमीन दूर, बाजारापासून लांब. कंपन्यांनी युरोपात दलाल नेमले, छापील पत्रके वाटली. जर्मन भांडवल आकर्षित करायला डकोटातल्या एका गावाचे नावच १८७३ मध्ये बिस्मार्क ठेवले. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बोगदे खोदणारे हजारो मजूर चिनी होते. १० मे १८६९ रोजी युटातल्या प्रॉमंटरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले, आणि तेरा वर्षांनी त्याच देशाने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. आपल्या पंडिता रमाबाई याच काळात अमेरिकेत होत्या. खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोहून त्या परतल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले.

रेल्वेने एक अडचण झाकून ठेवली. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांनी काँग्रेसला अहवाल दिला, की इथे चौकोनी १६० एकर चालणार नाहीत. पाणी असेल तिथे ८० एकर पुरेत, गवताच्या रानाला २५६० हवेत, आणि हद्दी पाण्याच्या वाटेने आखा. हा त्या शतकातला सर्वांत शहाणा सरकारी कागद आहे असे मी समजतो. कोणी ऐकले नाही. नांगर फिरला की पाऊस मागून येतो, असे सांगणारे तज्ज्ञ जमीन विकणाऱ्यांना जास्त सोयीचे होते. १८८० च्या दशकाअखेरीस दुष्काळ पडला आणि कर्जात बुडालेली हजारो कुटुंबे कॅन्सस-नेब्रास्कातून उलट्या पावली पूर्वेला परतली.

मैदानांतल्या जमातींचे जगणे बायसनवर चाले. १८७१ च्या सुमारास त्याच्या कातड्यापासून यंत्रांचे पट्टे करण्याजोगे चामडे कमावता येऊ लागले, रेल्वेने ते वाहून नेले, आणि कोटींनी मोजली जाणारी जनावरे दोन दशकांत हजाराच्या आत आली. १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्स लाकोटांना दिल्या होत्या; १८७४ मध्ये तिथे सोने सापडले आणि तीन वर्षांत त्या काढून घेतल्या. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी फौजेवर मिळवलेला विजय त्यांच्या कामी आला नाही. २९ डिसेंबर १८९० ला वुंडेड नी येथे शस्त्रे काढून घेतली जात असताना गोळीबार झाला, त्यात बायका-मुलेही पडली. त्याआधी १८८७ च्या डॉज कायद्याने सामाईक जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडून उरलेली ‘जादा’ जमीन गोऱ्यांना खुली केली होती. जमातींकडची १३.८ कोटी एकर जमीन १९३४ पर्यंत ४.८ कोटींवर आली. फौजेने जे उरवले ते मोजणीने घेतले.

जुलै १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी निबंध वाचला. मोकळ्या जमिनीच्या कडेने पुढे सरकण्यातूनच अमेरिकी माणूस स्वावलंबी आणि लोकशाहीवादी झाला, असे त्यांचे म्हणणे. या निबंधाने दोन पिढ्यांचे इतिहासलेखन घडवले. त्यातली नागरी समतेची जाण खरी आहे; पण ‘मोकळी जमीन’ ही सुरुवातीची ओळच चूक असल्याने पुढची मांडणी तिच्यावर उभी राहू शकत नाही. ती जमीन मोकळी करायला शंभर वर्षे, तीनशेहून अधिक तह आणि न थांबणाऱ्या मोहिमा लागल्या होत्या.

त्या तहांपैकी काही कागद अजून जिवंत आहेत. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सची भरपाई म्हणून दहा कोटींहून अधिक डॉलर मंजूर केले. लाकोटांनी ते घेतले नाहीत, त्यांना डोंगर हवे आहेत. आणि जुलै २०२० मध्ये ‘मॅकगर्ट विरुद्ध ओक्लाहोमा’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल झाला, की अलाबामा-जॉर्जियातून हाकललेल्या क्रीक लोकांना तहाने दिलेले राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्द केलेच नव्हते, म्हणून फौजदारी कायद्यापुरते ते आजही अस्तित्वात आहे. टल्सा शहराचा मोठा भाग त्यात येतो. शहरातली घरे ज्यांच्या नावावर होती त्यांच्याच नावावर राहिली. प्रश्न होता खटले कोणी चालवायचे याचा. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने राज्य सरकारलाही त्यातला काही अधिकार परत दिला. पुढे करवसुलीपासून वाहतुकीच्या दंडापर्यंतचे वाद याच मुद्द्यावर न्यायालयांत गेले आहेत, आणि त्यांत दोन्ही बाजूंचे वकील १८३२ आणि १८६६ च्या तहांतली कलमे वाचून दाखवतात.